पेशींवरील विषपरीक्षा : ती काय सांगते व काय सांगत नाही

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याची रीत आता गावोगावी परिचयाची झाली आहे. पोत्यातून सरसकट शंभर दाणे काढावयाचे, ते ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावयाचे, गुंडाळी करून सावलीत ठेवावयाची आणि ठरलेल्या दिवशी ती उलगडून किती दाण्यांना सशक्त मोड आले ते मोजावयाचे. ऐंशी दाण्यांना मोड आले तर उगवणशक्ती ८० टक्के. एवढ्या साध्या परीक्षेने पुष्कळदा दुबार पेरणीचे संकट टळते. परंतु गोणपाटावर उगवलेला दाणा शेतात कणीस देईलच, असे कोणी जाणता शेतकरी मानीत नाही. जमीन, पाऊस, तण व कीड यांचा हिशेब निराळाच असतो.

कारखान्यांत तयार होणाऱ्या रासायनिक द्रव्यांचा विषारीपणा जोखण्यासाठी प्रयोगशाळांतून आज जी एक परीक्षा मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, तिची जात या गोणपाटाच्या परीक्षेसारखीच आहे. दाण्यांच्या जागी माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरातील सजीव पेशी घेतात. पाण्याऐवजी त्यांवर तपासावयाचे रसायन घालतात आणि 'किती उगवले' याऐवजी 'किती जगल्या' हे मोजतात. या रीतीस संवर्धित पेशींवरील विषपरीक्षा असे म्हणतात.

शेतकऱ्याने ही माहिती करून घेण्याचे कारण उघड आहे. कीटकनाशके, बुरशीनाशके व तणनाशके ही कारखान्यातील रसायनेच होत, आणि ती उघड्यावर, पाठीवर वाहून, वाऱ्यात फवारणारा माणूस शेतकरी किंवा शेतमजूर असतो. "हे औषध प्रयोगशाळेत तपासलेले आहे, काळजी नको," असे शब्द बाजारात ऐकू येतात. तपासले म्हणजे नेमके काय केले आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यास सांगता आले पाहिजे. अर्धवट माहितीवर ठेवलेला विश्वास या बाबतीत जिवावर बेतू शकतो.

विष मोजण्याची जुनी रीत

कोणतेही द्रव्य विषारी ठरते ते त्याच्या मात्रेवरून. रोजचे मीठदेखील अति झाले तर घातक होते. तेव्हा 'विषारी आहे काय?' या प्रश्नापेक्षा 'किती मात्रेत विषारी आहे?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देण्याची रीत १९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने घालून दिली. उंदरांच्या गटांना निरनिराळ्या मात्रा देऊन, ज्या मात्रेने गटातील निम्मे प्राणी मरतात ती मात्रा शोधून काढावयाची, अशी ही रीत आहे. तिला मध्यम मारक मात्रा म्हणतात. प्राण्याच्या वजनाच्या दर किलोस इतके मिलिग्रॅम, अशा स्वरूपात ती लिहितात.

भारतात या आकड्याला कायद्याचे महत्त्व आले ते एका शोककारक घटनेनंतर. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेल्या पिठाचे पदार्थ खाण्यात येऊन शंभरांहून अधिक माणसे दगावली. अन्न आणि विष यांची वाहतूक एकत्र झाल्याने हा अनर्थ ओढवला होता. पुढे १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला व १९७१ साली त्याखालील नियम आले. डब्यावरील चौकोनी खुणेच्या खालच्या त्रिकोणात दिसणारा रंग याच नियमांनुसार ठरतो. औषध तोंडावाटे पोटात गेल्यास त्याची मध्यम मारक मात्रा किती, त्यावरून रंगांची वाटणी पुढीलप्रमाणे केलेली आहे :

लाल — १ ते ५० मिलिग्रॅम, अत्यंत विषारी.
पिवळा — ५१ ते ५०० मिलिग्रॅम, अति विषारी.
निळा — ५०१ ते ५,००० मिलिग्रॅम, मध्यम विषारी.
हिरवा — ५,००० मिलिग्रॅमहून अधिक, किंचित विषारी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. कारण तितक्या थोड्या मात्रेत ते जीव घेते. पुष्कळांचा याबाबत उलट समज होतो. तसेच हिरव्या रंगाचा अर्थ 'निर्धोक' असा नाही. नियमाने त्या खुणेबरोबरही सावधगिरीचा इशारा छापावा लागतो.

जुन्या रीतीतील उणिवा

उंदरांवरील परीक्षेने उपयुक्त माहिती मिळाली यात शंका नाही. परंतु तिच्यात तीन मोठ्या उणिवा आहेत. पहिली, प्रत्येक रसायनासाठी अनेक मुक्या प्राण्यांना यातना देऊन मारावे लागते. १९४४ साली अमेरिकेत ड्रेझ यांनी रूढ केलेल्या परीक्षेत तर सशांच्या डोळ्यांत व कातडीवर रसायने घालून दाह पाहिला जाई. १९५९ साली रसेल व बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांस पर्याय शोधावेत, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि यातना सौम्य कराव्यात, ही त्रिसूत्री मांडली. भारतानेही २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करण्यास बंदी घातली.

दुसरी उणीव अशी की, उंदीर मेला एवढे कळते. परंतु विषाने घाव नेमका कोठे घातला, यकृतावर, मूत्रपिंडावर की मज्जातंतूंवर, हे केवळ मृत्यूच्या संख्येवरून कळत नाही. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

तिसरी उणीव वेळेची व खर्चाची. कारखान्यांतून वापरली जाणारी रसायने हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांतील पुष्कळशी अंतिम मालात नसतात, केवळ मधल्या टप्प्यावर वापरली जातात. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे जो मिथिल आयसोसायनेट वायू सुटला, तो कार्बारिल हे कीटकनाशक बनविताना मधल्या टप्प्यावर लागणारा पदार्थ होता. हजारो माणसे त्यास बळी पडली. त्या रात्री रुग्णालयांत आलेल्या रोग्यांवर उपचार करावयाचे, तर या पदार्थाचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो याची माहितीच डॉक्टरांजवळ फार तोकडी होती. हजारो रसायनांची निदान पहिली छाननी तरी लवकर व्हावी, ही निकड अशा घटनांनी पटवून दिली.

पेशी शरीराबाहेर कशा जगतात ?

प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो. भिंतीत विटा असाव्यात तशा पेशी शरीरात रचलेल्या असतात. फरक इतकाच की प्रत्येक पेशी स्वतः जिवंत असते, अन्न घेते, श्वसन करते व विभागून दोन होते. योग्य अन्न, उष्णता आणि स्वच्छता मिळाली तर ती शरीराबाहेरही जगू शकते. १९०७ साली अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जातंतूचा तुकडा काचेवरील थेंबात जिवंत ठेवून त्याची वाढ प्रत्यक्ष पाहिली. पेशीसंवर्धनाचा आरंभ तेथून मानला जातो.

माणसाच्या पेशी अशा रीतीने अखंड वाढविणे मात्र बराच काळ साधले नव्हते. ते १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे साधले. हेन्रिएटा लॅक्स नावाची तीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी होऊन रुग्णालयात आली होती. व्हर्जिनिया राज्यात तंबाखूची शेती करणाऱ्या कुटुंबात ती वाढली होती व लहानपणापासून तिने शेतात काम केले होते. तिच्या गाठीतून काढलेल्या पेशी जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत सुमारे दर दिवसाला दुप्पट होऊ लागल्या. ती स्त्री त्याच वर्षी ऑक्टोबरात वारली. तिच्या पेशी मात्र 'हेला' या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पोलिओच्या लशीच्या परीक्षेसही त्या उपयोगी पडल्या. तिच्या पेशी घेताना तिची संमती विचारण्यात आली नव्हती आणि तिच्या मुलांनाही ही गोष्ट वीसएक वर्षे ठाऊक नव्हती. पेशी दान करणाऱ्याच्या संमतीसंबंधी आज जे नियम आहेत, त्यांमागे या अन्यायाची जाणीव आहे.

पेशी वाढविण्याची कृती समजण्यास घरातील विरजण आठवावे. चमचाभर विरजण कोमट दुधात घातले की दही होते. त्यातील चमचाभर दुसऱ्या दुधात घातले की पुन्हा नवे दही होते. तसेच पेशी एका चपट्या बाटलीत दाटल्या की त्यांतील थोड्या नव्या बाटलीत घालतात. दुधाच्या जागी क्षार, साखर, जीवनसत्त्वे व प्रथिनांचे घटक असलेला गुलाबी रंगाचा द्रव असतो व त्यात बहुधा वासराच्या रक्ताची निवळ मिसळतात. माणसाच्या पेशींस ३७ अंश सेल्सियस एवढी शरीराइतकीच ऊब देतात. विरजणात भलते जंतू शिरले की दही नासते, त्याचप्रमाणे येथेही जराशा अस्वच्छतेने सारे संवर्धन वाया जाते. म्हणून हे काम गाळलेल्या हवेच्या पेटीत हात घालून करावे लागते. पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा पेशींचे भांडार असून देशातील संशोधन संस्थांना तेथून पेशी पुरविल्या जातात.

परीक्षा कशी करतात ?

तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत आठ ओळी व बारा रकाने असे ९६ लहान खळगे असतात. प्रत्येक खळग्यात सारख्या संख्येने पेशी सोडतात. त्या तळाशी चिकटून स्थिरावल्या की तपासावयाचे रसायन निरनिराळ्या मात्रांत घालतात. एका रकान्यात अगदी विरळ, पुढच्यात त्याहून दाट, अशा चढत्या क्रमाने. एक-दोन रकाने रसायनाशिवाय ठेवतात. खताच्या प्रयोगात बिनखताचा वाफा ठेवावा, तसेच हे. याखेरीज ज्याचा परिणाम आधीपासून ठाऊक आहे असे एखादे द्रव्य दुसऱ्या पट्टीत घालून पाहतात. साबणासारख्या फेसाळ पदार्थांत वापरले जाणारे सोडियम लॉरिल सल्फेट यासाठी पुष्कळदा घेतात. त्याचा आकडा नेहमीच्या मर्यादेत आला नाही, तर त्या दिवशीची सारी परीक्षा बाद धरतात.

एक-दोन दिवसांनी जिवंत पेशींची मोजणी करावयाची असते. लाखो पेशी डोळ्यांनी मोजणे शक्य नाही, म्हणून रंगाची मदत घेतात. न्यूट्रल रेड नावाचा तांबडा रंग जिवंत पेशी आपल्यात साठवून ठेवतात. मेलेल्या पेशींत तो टिकत नाही. जादा रंग धुऊन टाकल्यावर जो रंग उरतो तो जिवंत पेशींचाच. १९८५ साली पुढे आलेल्या या रीतीच्या दोन वर्षे आधी मॉसमन यांनी दुसरी एक रीत दाखविली होती. तीत एका पिवळ्या द्रव्याचे रूपांतर जिवंत पेशी जांभळ्या द्रव्यात करतात. जांभळा रंग जितका गडद, तितक्या जिवंत पेशी अधिक. हा गडदपणा यंत्राने मोजतात.

समजा, रसायनाशिवायच्या खळग्यांतील रंग १०० धरला. विरळ मात्रेत तो ९५ आला, मध्यम मात्रेत ५० आला व दाट मात्रेत ४ आला. तर ज्या मात्रेस रंग निम्म्यावर आला, ती त्या रसायनाची पेशींपुरती खूणगाठ होय. दोन रसायने शेजारी शेजारी तपासली तर पेशींस अधिक घातक कोणते, हे काही दिवसांत कळते. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेल्या 'टॉक्स २१' या संयुक्त कार्यक्रमात यंत्रमानवांच्या साहाय्याने सुमारे दहा हजार रसायने अशाच प्रकारे निरनिराळ्या पेशींवर पाहण्यात आली. उंदरांवर एवढे काम एका पिढीत उरकले नसते.

कातडी आणि कल्ले

आता केवळ सुट्या पेशीच नव्हे, तर माणसाच्या कातडीच्या पेशी थरावर थर वाढवून बाह्यत्वचेचा लहानसा तुकडाही प्रयोगशाळेत तयार करतात. त्यावर रसायनाचा थेंब ठेवून धुतात आणि पेशी किती जगल्या ते पाहतात. निम्म्या किंवा त्याहून कमी जगल्या, तर ते रसायन त्वचेचा दाह करणारे मानतात. सशाच्या पाठीवर करावयाच्या परीक्षेस या रीतीने खरा पर्याय मिळाला. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने कातडी जाळणाऱ्या रसायनांसाठी २००४ साली व दाह करणाऱ्यांसाठी २०१० साली या परीक्षेस मान्यता दिली.

पाण्यातील जिवांसाठीही अशीच सोय झाली आहे. ट्राउट माशाच्या कल्ल्यांतील पेशींवर रसायन घालून २४ तासांत तीन निरनिराळ्या रंगद्रव्यांनी पेशीच्या तीन भागांचे आरोग्य पाहतात. २०२१ साली ओईसीडीने ही परीक्षा मान्य केली. मासा पाण्यातून श्वास घेतो तो कल्ल्यांवाटे, आणि पाण्यात मिसळलेल्या विषाचा पहिला आघात बहुधा तेथेच होतो. फवारणीनंतर पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुण्याची सवय किती घातकी आहे, हे यावरून समजावे.

परीक्षा कोठे अपुरी पडते ?

येथवरचे वाचून काहींना वाटेल की, पेशी जगल्या तर औषध निर्धोक. हा निष्कर्ष चूक आहे आणि फवारणी करणाराच्या दृष्टीने तो सर्वांत धोक्याचा आहे. त्याची कारणे पाहू.

पहिले कारण यकृताचे. शरीरात गेलेले रसायन यकृतात जाते व तेथे त्याचे रूप पालटते. बहुधा ते कमी घातक बनते. परंतु कधी कधी उलटही होते. केरळातील दुर्घटनेस कारण झालेले पॅराथिऑन हे मुळात तितके प्रखर नाही. यकृतात त्याचे पॅराऑक्सॉन बनते आणि ते खरे जहाल विष होय. ज्या पेशींत हे रूपांतर करण्याची शक्ती नाही, त्यांवर पॅराथिऑन घातले तर धोका कमीच दिसणार. म्हणून जाणकार प्रयोगशाळा यकृताच्या पेशींची किंवा यकृताच्या अर्काची जोड देऊन परीक्षा करतात.

दुसरे कारण मज्जातंतूंचे. पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे पेशी मारून माणसाचा जीव घेत नाहीत. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप नेणारे अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य असते. निरोप पोचताच ते द्रव्य नाहीसे करण्याचे काम एक एन्झाइम करते. ही औषधे त्या एन्झाइमलाच जखडून टाकतात. मग निरोप थांबत नाही. पाटाचे दार उघडे अडकून बसावे आणि पाणी वाहतच राहावे, तशी अवस्था होते. लाळ, घाम व अश्रू सुटतात, स्नायू फडफडतात, पुढे ते थकून लुळे पडतात आणि शेवटी श्वास बंद होतो. या वेळी कातडीच्या किंवा यकृताच्या बहुतेक पेशी सुस्थितीत असू शकतात. म्हणजे ज्या मात्रेत खळग्यातील पेशी मजेत जगतात, त्या मात्रेत माणूस दगावू शकतो. कल्ल्यांच्या पेशींवरील परीक्षेतही मज्जातंतूंवर मारा करणाऱ्या औषधांचा धोका कमी दिसतो, तो याच कारणाने. अशा औषधांसाठी त्या एन्झाइमचे काम किती मंदावले हे वेगळे मोजावे लागते. फवारणी करणाऱ्या कामगारांच्या रक्तावरूनही ते मोजता येते.

तिसरे कारण डब्यातील इतर द्रव्यांचे. डब्यात केवळ मुख्य औषध नसते. ते पाण्यात मिसळावे व पानावर पसरावे म्हणून द्रावक व फेसाळ द्रव्ये घातलेली असतात. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या काही मिश्रणांतील असे एक फेसाळ द्रव्य पेशींना शुद्ध ग्लायफोसेटपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते, हे पेशींवरील परीक्षांनीच दाखवून दिले. तेव्हा शुद्ध औषधाचा आकडा डब्यातील मालास जसाच्या तसा लागू पडत नाही.

चौथे कारण मिश्रणाचे, आणि ते शेतकऱ्याच्या हातातले आहे. मॅलॅथिऑन हे माणसास तुलनेने सौम्य आहे, कारण शरीरातील एक एन्झाइम त्याचे झपाट्याने विघटन करते. परंतु ईपीएन नावाचे दुसरे औषध त्याच एन्झाइमला निकामी करते. ही दोन औषधे एकत्र दिली तर विषारीपणा दोहोंच्या बेरजेपेक्षा पुष्कळ वाढतो, असे १९५७ सालीच प्राण्यांवरील प्रयोगांत आढळून आले होते. डब्यावरील रंग त्या एका डब्यापुरता असतो. दोन-तीन डबे एका पंपात ओतल्यावर तयार होणाऱ्या मिश्रणाला कोणताच रंग छापलेला नसतो.

पाचवे कारण काळाचे. खळग्यातील परीक्षा एक-दोन दिवसांची असते. हंगामामागून हंगाम थोडे थोडे विष अंगात जात राहिले तर काय होते, याचे उत्तर तीत मिळत नाही.

म्हणूनच तोंडावाटे होणाऱ्या विषबाधेच्या बाबतीत संवर्धित पेशींवरील परीक्षेचा उपयोग आज मुख्यतः प्राण्यांवरील परीक्षेची पहिली मात्रा ठरविण्यासाठी व प्राण्यांची संख्या कमी करण्यासाठी करतात. परीक्षेत पेशी मेल्या तर तो धोक्याचा इशारा मानावा. जगल्या तर तो परवाना मानू नये.

शेतातील परिस्थिती

प्रयोगशाळेतील खळग्यात मात्रा मोजून घातलेली असते. शेतात ती कोणी मोजीत नाही. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पॅराथिऑनची अत्यल्प मात्रा माणसांच्या कातडीवर लावून पाहिली, तेव्हा हाताच्या पुढील भागावरून सुमारे ९ टक्के, काखेतून सुमारे ६४ टक्के आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सर्वच औषध शरीरात शोषले गेले. पाठीवरचा पंप गळत असेल तर औषध पाठीवरून ओघळून नेमके कमरेखाली व जांघेत जाते. घामाने भिजलेले कपडे ते तेथेच धरून ठेवतात. पंपाच्या झाकणाचा साधा वायसर बदलणे किती मोलाचे आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कपाशी पुष्कळ ठिकाणी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर व छातीवर येई. हवा उष्ण व दमट होती, संरक्षक कपडे नव्हते आणि एकाहून अधिक औषधे मिसळून फवारण्याचा प्रघात होता. फवारलेली औषधे दुकानात विकली जाणारीच होती. डब्यावरील रंगाने ती कमी-अधिक विषारी ठरली असतील. परंतु ती अंगावर किती पडतील, हे कोणत्याही परीक्षेत ठरलेले नव्हते.

कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस सांगावयाच्या गोष्टी

१. औषध घेताना त्रिकोणाचा रंग पाहावा. पीक व कीड यांसाठी शिफारस केलेल्या औषधांत शक्यतो कमी विषारी औषध निवडावे. हिरव्या रंगाच्या औषधासही विषच समजावे.

२. डब्याबरोबरचे माहितीपत्रक फेकून देऊ नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांस कार्यकर्त्याने ते वाचून दाखवावे.

३. माहितीपत्रकात किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सांगितले नसेल तर दोन औषधे एकत्र मिसळू नयेत.

४. फवारणीपूर्वी पंपात साधे पाणी भरून तो गळतो काय हे पाहावे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये; बारीक ब्रशाने किंवा पाण्याने साफ करावे.

५. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, बूट, चष्मा व तोंडावर योग्य मुखपट्टी वापरावी. पीक छातीपेक्षा उंच असेल तर अधिकच जपावे. वाऱ्याच्या दिशेस पाठ करून, उन्हाचा ताप नसताना फवारावे. मुलांकडून व गरोदर स्त्रियांकडून हे काम घेऊ नये.

६. फवारताना खाणे, पिणे, तंबाखू मळणे व विडी ओढणे वर्ज्य करावे. काम संपताच साबणाने स्नान करावे व कपडे निराळे धुवावेत. पंप ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नये.

७. रिकामा डबा तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. नंतर डब्यास भोके पाडून तो निकामी करावा. घरात धान्य, तेल किंवा पाणी ठेवण्यासाठी तो कधीही वापरू नये.

८. डोकेदुखी, मळमळ, उलटी, अतिघाम, लाळ सुटणे, अंधुक दिसणे, डोळ्याची बाहुली बारीक होणे, स्नायू फडफडणे किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही दिसताच फवारणी थांबवावी. रोग्यास शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणपाण्याने धुवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरगुती उपायांत वेळ दवडू नये व डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उलटी करवू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल रोग्याबरोबर अवश्य द्यावे. अनेक औषधे मिसळली असतील तर सर्वांची लेबले द्यावीत. कोणते विष आहे हे कळले म्हणजे डॉक्टरांस उपचार ठरविणे सोपे जाते.

संवर्धित पेशींवरील परीक्षेने मुक्या प्राण्यांचे हाल कमी केले, हजारो रसायनांची छाननी शक्य केली आणि डब्यातील फेसाळ द्रव्यासारखे लपलेले धोके उघडकीस आणले. तिचे हे कार्य मोठे आहे. परंतु उगवणशक्तीची परीक्षा करून घेतल्यावरही शेतकरी वाफसा पाहूनच पेरतो आणि पेरल्यावर राखण करतो. तशीच प्रयोगशाळेने तपासलेल्या औषधाचीही शेतात राखण करावी लागते. गळका पंप दुरुस्त केल्याविना फवारणीस सुरुवात होऊ नये, एवढे एक काम जरी या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावात पार पाडले, तरी अनेक घरांवरील अनर्थ टळेल.